चाळीस ओळी

ग्राझमधल्या आमच्या प्रयोगशाळेला खिडकी एकच,
नदी सोडून टेकडीकडे उघडणारी.
टेबलावर काळा डबा, काड्यापेटीएवढा,
शिवण राळेने बुजवलेली, वर चंदेरी पट्टी:
सोलली तर सोलल्याचं सांगणारी.
आत किल्ल्या आहेत म्हणतात. आम्ही पाहिलेल्या नाहीत.
पाहता आल्या असत्या, तर डबा नापास.

मला त्याला एवढंच विचारायचं होतं:
तीन अक्षरं देते, ए बी सी,
तुझ्या दुनियेचं गमभन.
त्यांचा ठसा कसा उमटतो, सांग.
उत्तर मला आधीच ठाऊक,
तक्त्यात छापलेलं.
ज्याचं उत्तर ठाऊक आहे तेच विचारायचं,
हा आमचा पोटापाण्याचा धंदा.

प्रोग्राम चाळीस ओळींचा. बांधायला अख्खी दुपार.
कंपायलर आधी एका अर्धविरामासाठी अडून बसला,
मग एक लायब्ररी सापडेना;
होती शेजारच्याच फोल्डरमध्ये, जुन्या नावाने,
लग्नानंतरही माहेरचं आडनाव लावणाऱ्या
माझ्या बहिणीसारखी.
शेवटी एक पिवळी ओळ: 'लांबी' नेमलीस, वापरली कुठे?
म्हटलं, इशाराच तर आहे.

चालवला.
ठीक. ठीक. ठीक.
बारा चाचण्या, बारा वेळा ठीक,
पापणी लवायच्या आत.

त्सोहरर मागे येऊन उभे राहिले,
हातात पाव, भोपळ्याच्या बियांच्या तेलात बुडवलेला.
'वालबुर्गा, आता उत्तर चुकव.'
'कुणाचं? डब्याचं?'
'तुझं.'

तक्त्यातली पहिली जोडी खोडून शून्य-शून्य लिहिलं.
ठीक, म्हणाला प्रोग्राम.
सगळा तक्ता पुसला. ठीक.
डब्याची वायरच उपटली.
ठीक, ठीक, ठीक,
सासुरवाडीला जेवायला बसलेल्या जावयासारखा.

'डोळ्यांत तेल घालून वाच,' त्सोहरर म्हणाले,
आणि त्यांच्या बोटावरचं काळंहिरवं तेल
ठिपकलं थेट माझ्या कीबोर्डवर.

एकतिसाव्या ओळीत सापडलं.
दोन उत्तरं ताडून पाहा, असं सांगितलं होतं मी,
पण किती बाइट, तिथे शून्य.
शून्य बाइटांपुरती
जगातली कुठलीही दोन माणसं सारखीच.

बत्तीस लिहिलं. वायर जोडली. तक्ता पुन्हा भरला.
नापास.
हवं होतं: बीए, सात-आठ, एक-सहा, बीएफ.
आलं: बीएफ, एक-सहा, सात-आठ, बीए.
मी डब्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

त्सोहररनी पाव चावत खिडकीकडे हनुवटी केली.
'किती वाजले?'
टेकडीवरच्या मनोऱ्याचं घड्याळ जन्मापासून बघते आहे मी;
त्यात मोठा काटा तासाचा, छोटा मिनिटांचा.
पूर्वी तासाचाच काटा होता,
मिनिटं मागाहून आली, उरलेल्या जागेत बसली.
'साडेचार,' म्हटलं.
'पाहुणे काय म्हणतील?'
'सहा वाजून बावीस.'
'मग घड्याळ चुकलं का?'

डबा बरोबर होता.
मीच त्याच्या गावात पाहुण्यासारखी वाचत होते,
मागचं पुढे, चार-चार बाइट उलटे.

दिशा बदलली. ठीक.
तक्त्यातला एक बिट मुद्दाम फिरवला:
नापास, तांबड्या अक्षरांत, न अडखळता.
ते तांबडं मी बराच वेळ पुसलं नाही.
बारा ठीकचं काही वाटलं नव्हतं मला,
त्या एका नापासने मात्र
खुर्ची मागे रेलून बसवलं.

रात्री पोल्डीने अंथरुणातून विचारलं, दार लावलंस?
हो म्हटलं.
मग उठले, जाऊन कडी काढली,
आणि विचारलं, आता?
'आता नाही,' तो म्हणाला,
पांघरुणाच्या आतूनच,
न बघता.